हौसेचे मोल : जॉन ट्रॅव्होल्टाची विमाने

फ्लोरिडा राज्यात ओकाला शहराजवळ जम्बोलेअर नावाची एक निवासी वसाहत आहे. तिच्या मधोमध सुमारे २,३०० मीटर लांबीची धावपट्टी आहे. हॉलिवूडचा नट जॉन ट्रॅव्होल्टा याने इथे बांधलेले घर जुन्या काळच्या विमानतळाच्या टर्मिनलसारखे दिसते. मोठी विमाने धावपट्टीवरून थेट त्याच्या दारापर्यंत येतात. तिथे बरीच वर्षे एक बोइंग ७०७ उभे असे. चार इंजिनांचे आणि १९६४ साली बांधलेले हे विमान मूळचे ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे. मराठीत जुन्या वैभवाचे वर्णन करताना ‘दारी हत्ती झुलत होते’ असे म्हणतात, आणि या घराचे छायाचित्र पाहणाऱ्याच्या मनात तोच विचार येतो. योगायोग असा की जम्बोलेअरच्या जमिनीवर खरोखरीचे हत्तीही होते. तिथली धावपट्टी बांधणारे व्यायामयंत्रांचे निर्माते आर्थर जोन्स यांनी १९८४ मध्ये झिंबाब्वेतून हत्तींची पिल्ले विमानाने आणून तिथे वाढवली होती.

प्रसिद्ध माणसांच्या विमानांविषयीचे प्रचलित मत याच चित्रावर उभे आहे. विमान म्हणजे सर्वांत महागडे खेळणे, ते बाळगणे म्हणजे संपत्तीचा थाट, आणि हौसेला मोल नसते म्हणून ही माणसे तो करतात, असे ते मत. ते खोटे नाही, पण उथळ आहे. विमान बाळगणे, विमान उडवणे आणि विमान जपणे या तीन वेगळ्या गोष्टी ते एकाच मापाने मोजते. पहिलीला पैसा पुरतो. दुसरीत पैसा दारापर्यंत नेतो आणि तिथेच थांबतो. तिसरीत पैसा लागतोच, पण एकट्याचा पैसा कमी पडतो. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढल्यावरच या हौसेत कौतुकाचे काय आणि निषेधाचे काय, हे ठरवता येते.

पहिली पायरी : मालकी

खासगी जेटचे बहुसंख्य मालक कॉकपिटमध्ये बसत नाहीत. ते मागे बसतात, आणि त्यांच्यासाठी विमान म्हणजे रांग, तपासणी आणि वेळापत्रक टाळण्याचे साधन असते. त्यांची मालकी ही संपत्तीची खूण आहे, हे प्रचलित मत अगदी बरोबर सांगते. चूक होते ती त्याच मापाने उडवणाऱ्यालाही मोजताना.

ट्रॅव्होल्टाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. त्याचा जन्म १९५४ चा, न्यू जर्सीतल्या एंगलवूडचा. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे जाणारी विमाने त्याच्या घरावरून जात. उडायला शिकण्याची सुरुवात त्याने पंधरा-सोळाव्या वर्षी केली. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने त्याला जगभर ओळख मिळाली ती १९७७ मध्ये. म्हणजे ओढ आधीची आहे, संपत्ती नंतरची. लहानपणच्या विमानप्रवासावर त्याने ‘प्रॉपेलर वन-वे नाइट कोच’ ही छोटी गोष्टही लिहिली, आणि १९९७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ज्याला केवळ थाट करायचा असतो तो नवीन, झगझगीत आणि आरामशीर विमान घेतो. तीस वर्षांहून जुने, भरपूर इंधन पिणारे, सुटे भाग दुर्मीळ झालेले प्रवासी विमान थाटासाठी घेणे हा फार वाईट सौदा ठरेल.

तरीही पैशाचा वाटा नाकारता येत नाही. हॉलिवूडचाच नट हॅरिसन फोर्ड साठच्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये विद्यार्थी असताना उडायला शिकू लागला आणि खर्च परवडेना म्हणून त्याला ते सोडावे लागले. पन्नाशी ओलांडल्यावर, नाव आणि पैसा मिळाल्यावर, त्याने ते पुन्हा सुरू केले. पहिल्या प्रयत्नातल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातल्या माणसाची ओढ सारखीच होती, बदलले ते बँकेतले पैसे. ओढ असूनही परवडत नाही म्हणून ज्यांनी पहिल्याच धड्यांनंतर उडणे सोडले, अशांची नावे कुठे नोंदलेली नसतात. या क्षेत्राचे दार पैशाने उघडते, ही त्यातली खरी विषमता आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : उड्डाण

दार उघडल्यावर मात्र पैशाचे काम संपते. अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळवायला साधारणपणे किमान चाळीस तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि परीक्षकासमोरची प्रत्यक्ष चाचणी लागते. सुमारे ५,७०० किलोंहून जड विमान किंवा कोणतेही जेट मुख्य वैमानिक म्हणून चालवायचे तर त्या विशिष्ट जातीच्या विमानाची वेगळी चाचणी द्यावी लागते. तिला टाइप रेटिंग म्हणतात. प्रवासी न्यायचे तर मागच्या नव्वद दिवसांत तीनदा उड्डाण आणि तीनदा उतरणे झालेले असावे लागते. ठरावीक काळाने प्रशिक्षकापुढे पुन्हा कौशल्य दाखवावे लागते. यातले काहीही नोकराकडून करून घेता येत नाही. भव्य घर वास्तुविशारद बांधून देतो, चित्रांचा संग्रह सल्लागार जमवून देतो, पण टाइप रेटिंग मालकाने स्वतः कमवावे लागते.

बोइंग ७०७ हे या बाबतीत विशेष बोलके उदाहरण आहे. शंभर टनांहून अधिक वजनाने उडणाऱ्या या विमानाला कॉकपिटमध्ये निदान तीन माणसे लागतात : मुख्य वैमानिक, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. इंधनाच्या टाक्या, विजेची जनित्रे, हायड्रॉलिक यंत्रणा, केबिनमधला हवेचा दाब, हे सगळे तिसऱ्या माणसाच्या पॅनेलवर असते. ट्रॅव्होल्टा या विमानाचा मालक असला तरी ते एकट्याने हवेत नेऊ शकत नव्हता. तिथे तो तिघांतला एक होता, आणि इंजिनिअरने ‘नाही’ म्हटले तर मालकालाही थांबावे लागते. हाताखालचे कुणी ‘नाही’ म्हणत नाही, हीच प्रसिद्धीची सर्वांत मोठी हानी असते. तिच्यावर कॉकपिटची शिस्त हा मोठा उतारा आहे. ७०७ आणि ७४७ नंतर बोइंग ७३७ चे रेटिंग मिळाल्याचे ट्रॅव्होल्टाने जाहीर केले ते २०२२ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी. त्या वयात सिम्युलेटरमध्ये बसून पुन्हा परीक्षार्थी होणे याला खेळणे म्हणता येणार नाही.

यंत्राला चेहरा ओळखू येत नाही, हे त्याला त्याआधी तीस वर्षे कळले होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये कुटुंबाला घेऊन तो गल्फस्ट्रीम जेट रात्री उडवत असताना वॉशिंग्टनच्या परिसरात विमानाची वीजयंत्रणा पूर्ण बंद पडली. रेडिओ गेला, दिवे गेले, दिशादर्शक उपकरणे गेली. ढगांतून वाट काढत ते विमान वॉशिंग्टन नॅशनल विमानतळावर उतरवावे लागले. ५ मार्च २०१५ रोजी फोर्डच्या १९४२ सालच्या रायन पीटी-२२ चे इंजिन सँटा मोनिकाहून निघाल्यावर लगेच बंद पडले. विमानतळावर परत पोचणे शक्य नाही हे ओळखून त्याने जवळच्या गोल्फच्या मैदानात विमान उतरवले आणि तो गंभीर जखमी झाला. तपासात दोष सापडला तो कार्ब्युरेटरमधल्या सैल झालेल्या एका छोट्या भागात. गायक जॉन डेन्व्हरचा अंत अधिक दुःखद झाला. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरी उपसागरावर तो स्वतःसाठी नुकतेच घेतलेले, घरी बांधलेल्या प्रकारातले लाँग-ईझेड विमान उडवत होता. इंधनाची टाकी बदलण्याचा खटका या विमानात वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. त्याला हात घालण्यासाठी वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. त्याच्याकडे वैध वैद्यकीय प्रमाणपत्रही नव्हते. ज्या नियमांचा इथे उल्लेख केला ते पाळले तरच उपयोगी पडतात, आणि ते न पाळणाऱ्या प्रसिद्ध माणसाला कुणी अडवले नाही, ही गोष्टही या प्रकरणात दडलेली आहे.

उड्डाण मालकीपासून पूर्ण वेगळे काढता येते याचा पुरावा ब्रूस डिकिन्सन हा आहे. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा हा गायक अॅस्ट्रेअस नावाच्या विमान कंपनीत नोकरीवरचा वैमानिक होता आणि सुटीसाठी निघालेल्या सर्वसामान्य प्रवाशांना घेऊन उडत असे. २००८ च्या जागतिक दौऱ्यात त्याने त्याच कंपनीचे बोइंग ७५७ चालवले. मागच्या भागात बँडचे सामान, पुढे वादक आणि मदतनीस, आणि कॉकपिटमध्ये तोच, अशी ती व्यवस्था होती. या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारीला मुंबईत झाला. ते विमान त्याच्या मालकीचे नव्हते, तरीही त्याच्या वैमानिक असण्यात तसूभर उणीव नव्हती. मुंबईला याची जुनी ओळख आहे. जे. आर. डी. टाटा यांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आलेले पस मॉथ त्यांनी स्वतः चालवले होते. त्याच उड्डाणाची आठवण म्हणून १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच मार्ग एका लहान जुन्या विमानातून पुन्हा कापला. टाटांकडे किती विमाने होती, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ती मोजण्याची गोष्टच नव्हे.

तिसरी पायरी : जतन

ट्रॅव्होल्टाचे ७०७ साधे ७०७ नव्हते. ते १३८बी या उपप्रकाराचे होते. पॅसिफिक ओलांडणाऱ्या लांब टप्प्यांसाठी क्वांटासला अधिक पल्ल्याचे विमान हवे होते, म्हणून बोइंगने मूळ आराखड्यापेक्षा सुमारे तीन मीटर आखूड धडाची ही विमाने खास तिच्यासाठी बांधली. एकूण तेरा. जुलै १९५९ मध्ये क्वांटासने या विमानांनी सिडनी ते सॅन फ्रान्सिस्को जेटसेवा सुरू केली, आणि ७०७ चालवणारी अमेरिकेबाहेरची पहिली कंपनी म्हणून तिची नोंद झाली. ज्या विमानाने ऑस्ट्रेलियाचे जगापासूनचे अंतर कमी केले, त्या तेरांपैकी एक १९९८ पासून या नटाकडे होते.

मराठी वाचकालाही ७०७ परके नाही. एअर इंडियाने १९६० मध्ये हीच जात घेऊन जेटयुगात पाऊल टाकले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलेले ‘कांचनजंगा’ हे एअर इंडियाचे ७०७ होते. डॉ. होमी भाभा त्यातच गेले. अशा विमानांचा इतिहास म्हणजे एका पिढीच्या परदेशगमनाचा, निरोपांचा आणि शोकाचा इतिहास असतो.

जुने विमान संग्रहालयात ठेवले तरी जपले जाते, मग उडवण्याचा अट्टहास कशाला, असा प्रश्न इथे योग्य ठरतो. उत्तर असे की विमानाचे दोन भाग असतात. एक धातूचा, दुसरा ज्ञानाचा. धातू छपराखाली टिकतो. ज्ञान टिकत नाही. चार जुन्या इंजिनांचा सुरू करण्याचा क्रम, ती गरम झाल्यावर काट्यांनी कुठे असावे, उतरताना विमान कसे वागते, कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता धोक्याचा, हे पुस्तकात अर्धेच उतरते. बाकीचे ते करणाऱ्या माणसांच्या हातात आणि कानात राहते, आणि काम बंद पडले की एका पिढीत संपते. गाणे स्वरलिपीत लिहून ठेवले म्हणजे गायकी टिकली असे होत नाही, तसेच हे आहे. ट्रॅव्होल्टाने हे विमान क्वांटासच्या साठच्या दशकातल्या रंगांत रंगवले. २००२ मध्ये कंपनीचा सदिच्छादूत म्हणून त्याने ते जगाच्या दौऱ्यावर नेले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लोक विमानात बसायला घाबरत होते, तो हा काळ. ते विमान उडत होते तितका काळ ७०७ सांभाळणारे तंत्रज्ञ आणि फ्लाइट इंजिनिअर यांना काम होते. थाटाच्या सिद्धांतात या गोष्टीला जागाच नाही.

जतनाच्या नावाखाली चालणारे सगळेच जतन नसते, हेही तितकेच खरे. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मूर याने जुन्या विमानांचा संग्रह स्वतःचा खर्च स्वतः भागवील म्हणून इंट्रेपिड एव्हिएशन नावाची संस्था काढली. ती हळूहळू धंदा होत चालली, उडण्याऐवजी चालवण्यातच वेळ जाऊ लागला, तेव्हा त्याने ती विकून टाकली. हौसेचा धंदा झाला की हौस मरते, हे ओळखून केलेला तो प्रामाणिक निर्णय होता.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे : हवामान. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासानुसार २०२३ साली जगभरच्या खासगी विमानांनी सुमारे १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के होती. त्यातली जवळपास निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराची होती, म्हणजे मुंबई ते नागपूर या हवाई अंतराहूनही कमी. या आकड्यांना उत्तर नाही, आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. वैमानिकाची निष्ठा इंधनाचा धूर कमी करत नाही. मालक स्वतः उडवत असला तरी वाहतूक टाळण्यासाठी केलेली छोटी जेटफेरी तितकीच असमर्थनीय राहते. फोर्ड हा कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या निसर्गसंरक्षण संस्थेचा उपाध्यक्ष आहे आणि जेटचा मालकही आहे. हा विरोध कोणत्याही युक्तिवादाने मिटत नाही.

मात्र हाच आक्षेप नीट लावला तर तो वर केलेल्या फरकालाच बळकटी देतो. वर्षातून मोजक्या वेळा उडणारे ऐतिहासिक विमान, एका माणसाला घेऊन डोंगराळ भागात उतरणारे जुने पंख्याचे विमान आणि आठवड्यातून अनेकदा उडणारे बिझनेस जेट यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही. हवामानाचा प्रश्न मालकीच्या बाजूचा आहे, प्रवासाची सोय म्हणून वापरल्या जाणाऱ्या जेटचा आहे. तिथे कर आणि बंधने कडक व्हायला हवीत. जतनासाठीच्या उड्डाणांनाही हिशेबातून सूट नको, पण त्यांचा आकार वेगळा आहे.

दुसरा आक्षेप : हौशी माणूस इतरांचा जीव धोक्यात घालतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर फोर्ड धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सी-वेवर उतरला. उतरताना तो ११० प्रवासी असलेल्या एका बोइंग ७३७ च्या वरून गेला. चूक गंभीर होती. अमेरिकेच्या नियामकाने प्रशिक्षण घ्यायला लावले, परवाना रद्द केला नाही. नामवंत म्हणून तो सुटला, असे अनेकांना वाटले. पण त्या नियामकाचे धोरणच २०१५ पासून असे आहे की हेतुपुरस्सर नसलेली, वैमानिकाने लपवून न ठेवलेली चूक शिक्षेने नव्हे, प्रशिक्षणाने सुधारावी, कारण शिक्षेच्या भीतीने चुका दडवल्या जातात आणि त्यातून कुणीच शिकत नाही. हे धोरण अनोळखी वैमानिकालाही लागू आहे. चर्चा करायची तर ती वयाची करावी. सत्तरी-ऐंशीतल्या वैमानिकांची कौशल्यचाचणी अधिक वेळा व्हावी, ही मागणी रास्त आहे आणि ती प्रसिद्धांपुरती मर्यादित नसावी.

तिसरा आक्षेप : परोपकाराची उड्डाणे ही प्रसिद्धी असते. जानेवारी २०१० मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर ट्रॅव्होल्टाने आपले ७०७ मदतीचे सामान, डॉक्टर आणि तो ज्या सायंटॉलॉजी पंथाचा आहे त्याचे स्वयंसेवक घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला नेले. पंथाच्या सहभागावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. फोर्डने आपल्या हेलिकॉप्टरने २००० मध्ये डोंगरातून एका आजारी गिर्यारोहक स्त्रीला आणि पुढच्या वर्षी यलोस्टोनच्या परिसरात हरवलेल्या एका बालवीराला बाहेर काढले. हेतू तपासण्याचे साधन कुणाकडे नाही. मदत झाली की नाही, इतकेच तपासता येते, आणि तिन्ही ठिकाणी झाली. फोर्डचे अधिक टिकाऊ काम वेगळे आहे. मुलांना विनामूल्य पहिल्या उड्डाणाला नेणाऱ्या ‘यंग ईगल्स’ या उपक्रमाचा तो २००४ ते २००९ अध्यक्ष होता. पैशाने बंद राहणारे दार इतरांसाठी थोडे उघडणारी ही एवढीच बाजू या सगळ्या हौसेत दिसते, आणि ती फार अपुरी आहे.

एकट्याच्या हाताची मर्यादा

२०१७ मध्ये ट्रॅव्होल्टाने ७०७ ऑस्ट्रेलियातल्या हार्स या संस्थेला देणगी म्हणून देत असल्याचे जाहीर केले. न्यू साउथ वेल्समधल्या शेलहार्बर विमानतळावर या संस्थेचे स्वयंसेवक जुनी विमाने दुरुस्त करतात. अमेरिकेतून आणलेले सुपर कॉन्स्टेलेशन विमान त्यांनी वर्षानुवर्षे उडते ठेवले आहे. विमान मायदेशी परतणार म्हणून तिथे मोठा आनंद झाला. पण जॉर्जिया राज्यातल्या ब्रन्सविक विमानतळावर त्याची तपासणी झाली तेव्हा पॅसिफिक ओलांडण्याआधी बरेच काम करावे लागेल असे दिसले. त्यासाठी माणसे, सुटे भाग, परवानग्या आणि पैसा यांची जुळणी करता करता वर्षे गेली. एका माणसाच्या दारात, त्याच्या उमेदीच्या काळात, एक विमान उडते राहू शकते. तो माणूस साठीच्या पुढे गेला, कामे बदलली, अग्रक्रम बदलले की धातू आणि ज्ञान दोन्ही उघड्यावर येतात. जतन हे संस्थेचेच काम आहे. व्यक्ती ते फार तर काही काळ सांभाळून पुढच्या हाती देऊ शकते, आणि देण्याची वेळ बहुधा उशिराच ओळखली जाते.

क्वांटासच्या त्या तेरांपैकीच दुसरे एक विमान, ‘सिटी ऑफ कॅनबेरा’, इंग्लंडमधल्या साउथएंड विमानतळावर पडून होते. क्वांटासच्या निवृत्त अभियंत्यांनी तिथे जाऊन ते दुरुस्त केले, ऑस्ट्रेलियाच्या सरकारने अनुदान दिले, आणि डिसेंबर २००६ मध्ये ते स्वतःच्या इंजिनांवर सिडनीला परतले. २००७ पासून ते क्वीन्सलँडमधल्या लाँगरीच इथल्या संग्रहालयात आहे. देणगी जाहीर होऊन पाच वर्षे उलटली तेव्हाही ट्रॅव्होल्टाचे विमान ब्रन्सविकमध्येच उभे होते.